एका बेटावरचा एक दिवस

सॅम्युअल जॉन्सन व जेम्स बॉस्वेल हे दोघे स्नेही १७७३ साली स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांत हिंडले. त्या एकाच प्रवासाची दोन पुस्तके झाली: जॉन्सनचे १७७५ मध्ये आणि, त्याच्या निधनानंतर, बॉस्वेलचे १७८५ मध्ये.

शेतीविषयी जिज्ञासा असणाऱ्याने जॉन्सनच वाचावा. खडकाळ जमिनीत नांगर चालत नाही म्हणून वाकड्या कुदळीने माती उलथणारा शेतकरी, ओट व जवाचे तुटपुंजे पीक, वाढता खंड आणि त्यापायी अमेरिकेस निघालेली कुटुंबे, हे सारे तो न्यायाधीशाच्या समतोलाने मांडतो. बॉस्वेलची दृष्टी मात्र बहुधा मित्रावरच खिळलेली असते, आणि हा त्याच्या पुस्तकाचा दोष होय.

परंतु रासे बेटावर त्रेसष्ट वर्षांचा जॉन्सन घरी राहतो व बॉस्वेल स्थानिक मंडळींबरोबर दिवसभर बेट पायी पाहतो, डन कान टेकडीच्या माथ्यावर नाचतोही. तेथे प्रथमच बेट त्याच्या लेखणीत शिरते. पुढे स्काय बेटावर तो ‘अमेरिका’ नावाचे नृत्य पाहतो. एक जोडपे गिरकी घेते, मग दुसरे, अखेर सारेच फिरू लागतात. देशांतराची लागण अशीच होते, हे त्याने ओळखले.

माणसे गाव का सोडतात, हे जॉन्सन सांगतो. सोडताना ती नाचतात कशी, हे बॉस्वेल. नोकरीपायी परप्रांती आलेल्या आम्हांस दुसरे अधिक खरे वाटले.