साथीदाराचा पुढाकार : बिग वॉल्टर हॉर्टनची एक तबकडी

माउथ ऑर्गन हे वाद्य आपल्याकडे फारसे कोणी गंभीरपणे घेतले नाही. सहलीच्या बसमध्ये, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात किंवा 'दोस्ती'सारख्या (१९६४) चित्रपटात ते आपल्याला भेटते. त्या चित्रपटातले माउथ ऑर्गनचे सूर राहुल देव बर्मन यांनी वाजवले होते, हेही अनेकांना ठाऊक असते. पण तेवढ्यावर आपली ओळख थांबते. खिशात मावणारे हे वाद्य एका संपूर्ण संगीतपरंपरेत गायकाच्या बरोबरीने बसते, किंबहुना गायकाचा दुसरा कंठच होते, हे समजून घ्यायचे तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या 'ब्लूज' संगीताकडे जावे लागते. त्यासाठी मी एक काहीशी बाजूला पडलेली तबकडी निवडली आहे : शिकागोच्या अ‍ॅलिगेटर कंपनीने प्रकाशित केलेली 'बिग वॉल्टर हॉर्टन विथ कॅरी बेल'.

वाद्याची घडण समजल्याशिवाय या तबकडीचे मोल कळणार नाही, म्हणून आधी त्याबद्दल. होनर या जर्मन कंपनीचे 'मरीन बँड' हे दहा छिद्रांचे माउथ ऑर्गन १८९६ पासून बाजारात आहे. ब्लूजच्या वादकांनी तेच आपलेसे केले. प्रत्येक छिद्रात दोन रीड असतात. एक फुंकल्यावर वाजते, दुसरी श्वास आत ओढल्यावर. मूळ योजना युरोपीय लोकगीतांसाठी होती. कृष्णवर्णीय वादकांनी ती उलटी केली. वाद्याच्या षड्जाऐवजी त्यांनी त्याच्या पंचमालाच षड्ज मानले. असे केले की महत्त्वाचे सूर श्वास आत ओढून वाजतात, आणि ओढलेला सूर जीभ व घशाची पोकळी बदलून खाली वाकवता येतो. शुद्ध गंधार घसरत कोमल गंधाराकडे येतो, पंचम तीव्र मध्यमाकडे झुकतो, आणि कोमल निषाद आयताच हाताशी असतो. या दोन गंधारांच्या मधल्या जागेतच ब्लूजचा प्राण आहे.

मराठी वाचकाला इथे पेटीची आठवण होणे अपरिहार्य आहे. हार्मोनियम आणि माउथ ऑर्गन ही दोन्ही एकाच मुक्त रीडच्या कुळातली वाद्ये. पेटीवर मींड निघत नाही, तिचे सूर अचल आहेत, हा तिच्यावरचा जुना आरोप. १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बाहेर ठेवले, आणि ती बंदी सैल व्हायला तीस वर्षे जावी लागली. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, तुळशीदास बोरकर, अप्पा जळगावकर यांनी बोटांच्या आणि भात्याच्या बळावर त्या आरोपाला उत्तर दिले. माउथ ऑर्गनचे उत्तर वेगळे होते : तिथे रीड आणि फुप्फुस यांच्यामध्ये भाता नाही, वादकाचे तोंडच आहे. तोंडाचा आकार बदलला की सूर बदलतो. म्हणून हे वाद्य गाऊ शकते, कण्हू शकते, बोलू शकते.

वॉल्टर हॉर्टन मिसिसिपीतल्या हॉर्न लेकचा. बालपण बरेचसे मेम्फिसमध्ये गेले. दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या लाखो कृष्णवर्णीयांप्रमाणे तोही शेवटी शिकागोला आला. १९५३ मध्ये मेम्फिसच्या सन कंपनीसाठी जिमी डेबेरीच्या गिटारसह त्याने 'ईझी' ही निव्वळ वाद्याची रचना ध्वनिमुद्रित केली, आणि जाणकार आजही तिचा दाखला देतात. पुढे मडी वॉटर्सच्या वाद्यवृंदात तो होता. १९५६ च्या जिमी रॉजर्सच्या 'वॉकिंग बाय मायसेल्फ'मधला त्याचा तुकडा तर या वाद्याच्या विद्यार्थ्यांचा पाठच झाला. विली डिक्सनसारखा अनुभवी संगीतकार त्याला सर्वश्रेष्ठ मानत असे. तरी लोकांच्या ओठी नाव राहिले ते लिटल वॉल्टरचे. १९५२ च्या 'जूक'ने लिटल वॉल्टर घरोघरी पोहोचला. हॉर्टन दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवत राहिला.

याचे कारण काय? एक उत्तर स्वभावात आहे. हॉर्टन लाजाळू आणि अबोल होता. रंगमंचावर पुढे होऊन समूह हाकणे त्याला जमत नसे. आपण लिटल वॉल्टरला शिकवले, १९२७ मध्ये मेम्फिस जग बँडबरोबर ध्वनिमुद्रण केले, असे तो सांगे. अभ्यासक ही विधाने सहजी स्वीकारत नाहीत. मला त्यात फुशारकीपेक्षा आपली जागा मागणाऱ्या माणसाची धडपड दिसते. ज्याचे नाव तबकडीच्या वेष्टनावर क्वचितच छापले गेले, तो आपला इतिहास तोंडीच रचणार.

अ‍ॅलिगेटरची कथाही अशीच लहान प्रमाणातली. डेल्मार्क कंपनीत नोकरी करणाऱ्या ब्रूस इग्लॉरने हाउंड डॉग टेलरचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी १९७१ मध्ये ही कंपनी काढली. हॉर्टनची तबकडी तिचे दुसरे प्रकाशन. सोबत गिटारवर एडी टेलर, बासवर जो हार्पर, ड्रम्सवर फ्रँक स्वॉन, आणि दुसऱ्या माउथ ऑर्गनवर हॉर्टनकडे शिकलेला कॅरी बेल. ही निवडच बोलकी आहे. एडी टेलर म्हणजे जिमी रीडच्या यशामागचा गिटारवादक; तोही आयुष्यभर साथीदारच. थोडक्यात, साथीदारांनी साथीदाराला पुढे बसवून केलेली ही तबकडी आहे.

ऐकताना हेच सतत जाणवते. टेलरचे गिटार कुठेही हॉर्टनच्या वाक्यात तोंड घालत नाही. बारा मापांच्या चौकटीत, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांच्या आवर्तनात, तो खालच्या तारांवर एक सलग चाल धरून ठेवतो, आणि हॉर्टनला हवी तेवढी मोकळी जागा मिळते. त्या जागेत हॉर्टन काय करतो? तो थोडे वाजवतो. एक सूर रुंद, गोल काढतो, त्याला हलका कंप देतो, आणि मग श्वास घेतो. ती विश्रांती वाक्याचाच भाग असते. 'कान्ट होल्ड आउट मच लाँगर' हे लिटल वॉल्टरचे, 'जूक'च्या दुसऱ्या बाजूवरचे गाणे. ते इथे निवडण्यात एक अबोल दावा आहे, पण वादनात स्पर्धेचा लवलेश नाही. शेवटच्या 'ट्रबल इन माइंड'मध्ये तर तो जुनी धून अशी मांडतो की शब्दांची उणीव भासत नाही.

दोन माउथ ऑर्गन एकत्र येतात तिथे ही तबकडी सर्वाधिक रंगते, आणि तिथेच तिच्या मर्यादाही दिसतात. बेलचा सूर टोकदार, घाईचा. हॉर्टनचा जाड, निवांत. सवाल-जवाबात हा फरक छान उमटतो. पण दोघे एकाच सप्तकात आले की शिष्याची ऊर्जा गुरूच्या विश्रांतीवर चालून जाते. हॉर्टनच्या गायनाचा पल्लाही लहान आहे. आवाज खरखरीत, शब्द बरेचदा परंपरेतले ठरावीक. केवळ गाण्यासाठी कोणी ही तबकडी घेणार नाही. हे दोष मान्य करूनही मला वाटते की अधिक चकचकीत निर्मितीने हॉर्टनचे नुकसानच झाले असते. त्याला पुढे ढकलणारा नव्हे, थांबून ऐकणारा समूह हवा होता.

१९८० च्या 'द ब्लूज ब्रदर्स' चित्रपटात मॅक्सवेल स्ट्रीटच्या प्रसंगात जॉन ली हूकरच्या मागे हॉर्टन वाजवताना दिसतो. कॅमेरा हूकरवर आहे. हॉर्टन पुन्हा साथीलाच. पुढच्याच वर्षी, १९८१ च्या डिसेंबरात, तो गेला. कॅरी बेलने मात्र गुरूचा सूर पुढे नेला; १९९० च्या 'हार्प अटॅक!' या तबकडीत जेम्स कॉटन, ज्युनियर वेल्स आणि बिली ब्रँच यांच्यासोबत तो आहे.

आपल्याकडे पेटीवाल्याला दाद मिळते ती बहुधा गायकाने मान वळवून पाहिले की. त्या क्षणापलीकडे त्याच्या कलेचा स्वतंत्र विचार किती झाला? गायकामागे बसलेल्या अशा कितीतरी वादकांना एकदाच पुढे बसवून, त्यांच्या कलाने साथ देऊन ध्वनिमुद्रण करायला हवे होते. हॉर्टनच्या बाबतीत निदान एकदा तरी कोणीतरी ते केले.