गिटारच्या बाह्यरेषेचे संगणकीय रेखाटन : एक चिकित्सा

संगणकसाहाय्यित आरेखनाच्या म्हणजेच कॅडच्या प्रसारामुळे छायाचित्रावरून एखाद्या वस्तूची बाह्यरेषा गिरवून घेणे सहजसाध्य झाले आहे. गिटारची बॉडी हा या क्रियेचा नमुनेदार विषय होय. हौशी कारागीर छायाचित्राच्या कडेवर बिंदूंची रांग मांडतो व त्यांतून वक्र ओढतो. बिंदू जितके अधिक तितकी प्रतिकृती विश्वासार्ह, ही त्यामागील धारणा तपासून पाहण्याजोगी आहे.

फेंडर कंपनीने १९५४ मध्ये बाजारात आणलेली स्ट्रॅटोकास्टर ही गिटार येथे उदाहरणादाखल घेता येईल. तिची बॉडी भरीव लाकडातून साच्याच्या आधारे राउटरने कापली जाई व नंतर हाताने घासली जाई. साहजिकच जुन्या दोन बॉडी तंतोतंत सारख्या नसतात. त्यात छायाचित्राचे दोष मिसळतात. दाट बिंदूंनी ओढलेली रेषा या साऱ्या अपघातांची इमानाने नोंद करते; लेखनिकाचे प्रमाद मूळ पाठ म्हणून छापावेत, तसाच हा प्रकार होय.

मापाचा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. या गिटारची तारेची सैद्धांतिक लांबी सुमारे ६४८ मिलिमीटर आहे. नट ते ब्रिज हे अंतर प्रमाण मानल्यास चूक होते, कारण सुरांच्या अचूकतेसाठी ब्रिजवरील आधार थोडे मागे सरकवलेले असतात. नट ते बारावी फ्रेट हे ३२४ मिलिमीटरचे अंतर अधिक भरवशाचे. तथापि फ्रेटची पट्टी बॉडीच्या पृष्ठभागापेक्षा उंच, म्हणजे कॅमेऱ्याला जवळ असते. म्हणून छायाचित्र बऱ्याच अंतरावरून घेतलेले असावे लागते.

मूळ प्रश्न वक्राचा आहे. बेझिए वक्राचे गणित मोटारींच्या आकारांसाठी घडले. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलज्यो यांनी व रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी ते स्वतंत्रपणे विकसित केले. त्रिघाती बेझिए वक्राला चार बिंदू पुरतात. वक्र पहिल्या व शेवटच्या बिंदूतून जातो, मधले दोन त्याला आपल्याकडे ओढतात. बिंदू सर्वाधिक रुंदीच्या जागी, कमरेच्या अरुंद जागी आणि फुगवटा संपून रेषा आत वळू लागते तेथे ठेवल्यास थोडक्या वक्रांत बरीचशी बाह्यरेषा साधते. वर्तुळाचे कंस जोडून काढलेल्या रेषेत मात्र स्पर्शिका जुळूनही त्रिज्या एकाएकी बदलते. कागदावर हे जाणवत नाही. चकचकीत रंग दिलेल्या कडेवरील प्रतिबिंब मात्र तेथे मोडलेले दिसते.

अकूस्टिक गिटारमध्ये हा दोष सहसा उद्भवत नाही. तिच्या बाजू सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या फळ्या तापवून वाकवलेल्या असतात आणि लाकूडच वक्रतेतील आकस्मिक बदलाला विरोध करते. जहाजबांधणीतील आरेखक लवचीक पट्टी वजनांनी दाबून वक्र काढीत. ‘स्प्लाइन’ हे नाव त्या पट्टीचेच. भरीव बॉडीत असा नैसर्गिक अंकुश नसल्याने निर्णयाची सारी जबाबदारी आरेखकावर येते.

याचा अर्थ बिंदू कमी करीत जाणे हाच गुण, असा नव्हे. स्ट्रॅटोकास्टरच्या दोन शिंगांची टोके लहान त्रिज्येची आहेत. तेथे काटकसर केल्यास शिंगे बोथट होतात आणि वाद्य ओळखीचे राहत नाही. कमरेला जे पुरते ते टोकाला पुरत नाही.

अमेरिकेतील ट्रेडमार्क चाचणी व अपील मंडळाचा २००९ मधील निर्णय या संदर्भात लक्षणीय आहे. स्ट्रॅटोकास्टरसह तीन वाद्यांच्या बॉडीचे आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्याची फेंडरची मागणी मंडळाने फेटाळली. अनेक उत्पादकांच्या दीर्घकालीन वापरामुळे ते आकार एकाच उत्पादकाची खूण राहिलेले नाहीत, असा निष्कर्ष त्यामागे होता. त्या साऱ्या उत्पादकांच्या रेषा एकमेकींशी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत जुळत असण्याची शक्यता नव्हती. तरीही ग्राहकाला तो आकार एकच वाटत होता.