गणिताचा तास कोणाच्या वाट्याला?

आपल्या साहित्याने शाळेची झाडाझडती घेतली आहे. दाराशी बसवलेले पोर, वरून ओतलेले पाणी, हजेरी घेताना झालेली हेटाळणी, हे सारे नोंदले गेले. फळ्यावर काय लिहिले जाते आणि ते लिहिणाऱ्याला कितपत उमगलेले असते, याची समीक्षा मात्र आपण फारशी केली नाही. ती आता केली पाहिजे.

मी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. आमच्या भागातल्या खेड्यांत नववी-दहावीचे गणित कधी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर शिकवतो, कधी इतिहासाचा, कधी कवायतीचा. गणिताचा शिक्षक निवृत्त होतो, जागा रिकामी राहते. वेळापत्रकातला तास मात्र रिकामा दाखवता येत नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा निदान एक शिक्षक बंधनकारक केला. पण तो कायदा वयाच्या चौदाव्या वर्षापाशी थांबतो. बीजगणित आणि भूमिती जिथे कस पाहतात, तिथेच त्याचा हात सुटतो. पैसेवाल्यांची मुले चिखली-खामगावच्या शिकवण्या गाठतात. बौद्धवाड्यातल्या आणि मातंग वस्तीतल्या पोराला शाळेत जे मिळेल तेवढेच.

या शिक्षकांना मी दोष देत नाही. ज्याला जे शिकवलेच नाही, ते तो कोठून देणार? प्रश्न प्रशिक्षणाचा आहे. 2021 साली माध्यमिक शिक्षकांसाठी 'निष्ठा'चा दुसरा टप्पा आला. त्यातल्या 13 अभ्यासक्रमांपैकी 12 सर्वसाधारण होते आणि विषयाचा एकच. म्हणजे शिकवावे कसे, याची रेलचेल. आणि जे शिकवायचे त्याची टंचाई. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशालाही गणिताचे शिक्षक पुरत नाहीत. पण तेथे 2015 साली इतर विषयांच्या शिक्षकांसाठी खुद्द गणिताचेच प्रशिक्षण सुरू झाले. आपल्याकडे तक्ते मिळतात.

एका प्रशिक्षणात मी होतो. एका शिक्षिकेने विचारले, ऋण गुणिले ऋण धन का होते? उत्तर आले, "नियम आहे. पाठ करून घ्या." नियम आहे म्हणून पाळा, का ते विचारू नका! ही भाषा आपल्या समाजाने शतकानुशतके ऐकली आहे. वास्तविक उत्तर पाच ओळींचे आहे. 3 × (−2) = −6, 2 × (−2) = −4, 1 × (−2) = −2, 0 × (−2) = 0. दर पायरीला उत्तर 2 ने वाढते. मग पुढची पायरी (−1) × (−2) म्हणजे 2 च असणार. हे पाहिलेले पोर नियमापुढे मान तुकवत नाही. ते नियम तपासते.

बिगर-गणिती शिक्षकाला खरी गरज आहे ती चुकलेले उत्तर वाचता येण्याची. पोर (3 + 4)² चे उत्तर 9 + 16 म्हणजे 25 काढते. लाल फुली मारणे सोपे. पण 7 बाजूचा चौरस काढून दाखवला, तर त्यात 9 आणि 16 चे दोन चौरस दिसतात आणि त्यांच्याशेजारी 12-12 चे दोन आयतही दिसतात. पोराने तेच सोडलेले असते. चूक बुद्धीची नव्हती, न दाखवलेल्या आकृतीची होती. फुली मारणाऱ्या वर्गात मात्र ती बुद्धीची ठरते, आणि तिथून जातीची ठरायला वेळ लागत नाही.

दहावीच्या पुस्तकात 'अर्थनियोजन' आहे, त्यात शेअर आहेत. असू द्यात. पण रोजगार हमीवर ज्याचा बाप चर खोदतो, त्या पोराला घनफळ आधी कळले पाहिजे. 10 मीटर लांब, 0.6 मीटर रुंद, 0.5 मीटर खोल म्हणजे 3 घनमीटर. मोजमाप-पुस्तकात खोली 0.4 लिहिली गेली, की 2.4 उरतात. मजुरीचा पाचवा हिस्सा एका आकड्यात नाहीसा होतो. प्रशिक्षणात हा चर का खोदला जात नाही?

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. आज तसे उघड कोणी नाकारत नाही. आज गणित आपोआप हुकते. अभियांत्रिकी, संगणक, अर्थशास्त्र ही सारी दारे त्याच एका दाराच्या आत आहेत. 2024 साली नव्या अभ्यासक्रम आराखड्यात अशी तरतूद पुढे आली, की गणित किंवा विज्ञानात 35 ऐवजी 20 गुण मिळाले तरी पुढे जाता यावे; मात्र ते विषय पुढे घेता येणार नाहीत असा शेरा प्रमाणपत्रावर असावा. वरवर पाहता ही दया आहे. पण ज्या शाळेने शिक्षकच दिला नाही, त्या शाळेचे अपयश मुलाच्या कपाळी कायमचे लिहिणे याला दया कसे म्हणायचे?

जोतीरावांनी 1882 साली हंटर आयोगापुढे प्रशिक्षित शिक्षक मागितले. तेही कष्टकऱ्यांच्या मुलांत मिसळणारे. तीच मागणी आज नेमकी करावी लागेल. रिक्त जागा भरा. तोवर जो दुसऱ्या विषयाचा शिक्षक गणित शिकवतो, त्याला वर्षभर, पगारी वेळेत, गणितच शिकवा. आणि त्याच्या वर्गातल्या चुकलेल्या वह्या समोर ठेवून शिकवा. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातल्या शाळांत जाऊन एवढेच विचारावे: दहावीला गणित कोण शिकवतो, आणि त्याला ते कोणी शिकवले? हे प्रश्न विचारायला गणित यावे लागत नाही.