‘योग्य’ म्हणजे किती?

कोर्टाचे निकालपत्र हे परीक्षणाला घेण्याजोगे लिखाण आहे, असे आपल्या मंडळात कोणी म्हणणार नाही. आपण पुस्तकांवर लिहितो, फार तर नाटकावर. पण माझ्या मुलाच्या आय. ई. पी. च्या, म्हणजे शाळेने अपंग मुलासाठी दरवर्षी लिहून द्यायच्या आराखड्याच्या, एका मीटिंगनंतर मी अमेरिकन सुप्रीम कोर्टाची दोन निकालपत्रे दोन दिवसांत वाचून काढली. मुलाला अक्षरे लागत नाहीत, वाचन रखडले आहे. घरी आल्यावर मी मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा आराखडा संगणकावर शेजारी शेजारी ठेवला. वाचनाच्या उद्दिष्टात तारीख सोडून एका शब्दाचाही फरक नव्हता. आणि त्यावर आम्ही दोघांनी आभार मानून सही करून आलो होतो! समोर सहा जण बसलेले. शाळेतल्या माणसाशी वाद घालायचा नसतो, हे आपल्या हाडीमाशी भिनलेले.

मी वकील नाही, सॉफ्टवेअर लिहून पोट भरणारा माणूस आहे. तेव्हा हे कायद्याचा सल्ला म्हणून वाचू नये.

१९७५ पर्यंत या देशातल्या अनेक राज्यांत सरकारी शाळेला अपंग मूल सरळ परत पाठवता येत असे. त्या वर्षी नोव्हेंबरात अध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्याने अशा प्रत्येक मुलाला ‘मोफत आणि योग्य’ शिक्षण मिळालेच पाहिजे असे ठरवले. मोफत म्हणजे काय ते सर्वांना कळते. भांडण सगळे ‘योग्य’चे.

पहिले निकालपत्र १९८२ चे. न्यूयॉर्क राज्यात पीकस्किल येथील एमी रौली ही पहिलीतली कर्णबधिर मुलगी. आईवडीलही कर्णबधिर. त्यांनी वर्गात खुणांच्या भाषेचा दुभाषा मागितला, शाळेने नाकारला. खालची दोन्ही कोर्टे आईवडिलांच्या बाजूने गेली. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनी ते फिरवले. मूल हुशार आहे, वरच्या वर्गात जाते आहे. कायद्याने शाळेचे दार उघडायचे आहे, मुलाची पूर्ण कुवत फुलवायची हमी दिलेली नाही. काहीएक शैक्षणिक लाभ झाला म्हणजे पुरे. लिखाण म्हणून हे पत्र नेटके आहे, कुठे पाल्हाळ नाही. पण वाचताना थंडी वाजते. एमीचे वकील मायकेल चॅटॉफ स्वतः कर्णबधिर होते. त्यांना न्यायमूर्तींचे बोलणे कळावे म्हणून कोर्टात संगणकाचा पडदा लावून उच्चारलेला शब्द तिथल्या तिथे उमटेल अशी सोय केली होती. वकिलाला सगळे शब्द मिळाले. मुलीला मात्र वर्गातले निम्म्याहून कमी समजत होते, हे न्यायमूर्ती व्हाइट यांच्या विरोधी मतात आहे. त्यांनीच विचारले, की मग कर्णबधिर मुलीला मोठ्या आवाजाची शिक्षिका दिली तरी कोर्टाची कसोटी पुरी होईल, नाही का? सबंध कागदात माणसाचा आवाज ऐकू येतो तो तिथे.

दुसरे पत्र २०१७ चे, कोलोरॅडोतल्या एन्ड्रू या स्वमग्न मुलाचे. त्याच्या आराखड्यातही तीच तीच उद्दिष्टे वर्षानुवर्षे उतरवली जात, ही आईवडिलांची तक्रार. (ते वाचून मी थबकलो.) अपील कोर्टाची कसोटी होती, ‘नगण्यापेक्षा थोडेसे जास्त’. ते शब्द त्याच कोर्टात २००८ साली नील गोर्सच यांनी लिहिले होते. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी आठही न्यायमूर्तींच्या वतीने ही कसोटी मोडीत काढली. मुलाच्या परिस्थितीचा विचार करता योग्य अशी प्रगती साधेल असा आराखडा हवा, असे म्हटले. पालकांच्या संघटनांना फार आनंद झाला. मलाही झाला; पण मग मी ते वाक्य पुन्हा वाचले. ‘योग्य’ म्हणजे काय, तर परिस्थितीनुसार ‘योग्य’! आमच्या धंद्यात कोणी असे स्पेसिफिकेशन लिहून आणले तर मी ते परत पाठवीन. मुले सारखी नसतात, सूत्र बांधता येत नाही, हे रॉबर्ट्स यांचे म्हणणे मला पटते. प्रश्न असा, की शब्द सैल ठेवल्यावर त्याचा अर्थ सिद्ध कोणी करायचा?

त्याचे उत्तर आधीच देऊन झाले होते. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवले, की तक्रार करील त्याने सिद्ध करायचे. २००६ मध्ये ठरले, की पालक जिंकले तरी त्यांनी आणलेल्या तज्ज्ञाची फी शाळेकडून मिळणार नाही. न्यूयॉर्क आणि न्यूजर्सी यांनी नंतर आपापले कायदे करून सिद्ध करण्याचे ओझे शाळेकडे फिरवले. न्यूजर्सीत आपली किती कुटुंबे आहेत! त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असेल? बहुतेक राज्यांत मात्र सैल शब्दाचा अर्थ ज्याच्याकडे नोंदी आणि पगारी तज्ज्ञ तोच लावतो. २०१७ च्या निकालाने याला हात लावला नाही. उलट शाळेच्या जाणतेपणाचा मान राखा, असे खालच्या कोर्टांना बजावले.

पण त्याच्याच शेजारी एक वाक्य आहे, आणि कौतुक करणाऱ्यांच्या नजरेतून ते निसटते. शाळेने आपल्या निर्णयाचा सुसंगत, विचारलेल्याला उत्तर देणारा खुलासा करावा, अशी अपेक्षा कोर्ट रास्तपणे ठेवू शकते. मला सबंध पत्रात हे सर्वांत कामाचे वाटते. कारण खुलासा मागायला तज्ज्ञ लागत नाही.

मिशिगनमधल्या मिगेल पेरेझ या कर्णबधिर मुलाचा निकाल २०२३ मध्ये लागला. नवव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत तो सरकारी शाळेत होता, आणि मदतीला दिलेल्या माणसांना खुणांची भाषा धड येत नव्हती, अशी तक्रार होती. नुकसानभरपाईची वाट त्याला एकमताने मोकळी झाली. निकाल लिहिणारे तेच गोर्सच. एमी रौलीला चाळीस वर्षे होऊन गेली होती.

मी शाळेला पत्र लिहिले. उद्दिष्ट तेच का, आणि वर्षभर मोजले काय, एवढेच विचारले. मागितलेला बदल नाकारायचा असेल तर शाळेने कारणासकट लेखी कळवले पाहिजे, असे कायद्यातच आहे. तेही नम्रपणे लिहिले. तीन आठवड्यांनी मोजमापांचा तक्ता आला. त्यात सप्टेंबर ते जानेवारी रकाने रिकामे आहेत. पुढची मीटिंग मार्चमध्ये आहे, आणि या वेळी तक्ता आम्ही बरोबर नेणार आहोत.