जोखीम कोणाची? लाकडी चमचे आणि तीन पुस्तकं

लाकडी चमचे कोरण्यावरची चांगली पुस्तकं चमच्याबद्दल कमी बोलतात आणि सुरी कशी धरायची याबद्दल जास्त. फसलेली पुस्तकं मनःशांतीबद्दल बोलतात. तीन वर्षं मी नोकरीतलं कोडिंग संपल्यावर गॅलरीत बसून चमचे कोरतो आहे, आणि त्या निमित्ताने या विषयावरचं बरंच वाचून झालंय. त्यातली तीन पुस्तकं एकमेकांसमोर ठेवून पाहावीशी वाटतात, कारण या छंदाबद्दल आपण जे बोलतो त्यातलं खरं किती, हे ती मिळून सांगतात.

पहिलं विले सुंडक्विस्ट या स्वीडिश कारागिराचं 'स्वीडिश कार्व्हिंग टेक्निक्स'. इंग्रजीत ते १९९० साली आलं. यात भावुकता जवळजवळ नाही. कुऱ्हाड, सरळ सुरी, खोलगट भाग कोरायला वाकडी सुरी, आणि मग पकडींमागून पकडी. अंगठ्याचा टेकू कुठे द्यायचा, कोपर छातीशी कसं ठेवायचं, पातं निसटलं तर ते कुठे थांबेल. प्रत्येक पकडीत जोर आणि ब्रेक दोन्ही आधीच ठरलेले असतात. पुस्तक कंटाळवाणं वाटू शकतं, पण ते हातात धरून लाकडासमोर बसा, मग त्याची किंमत कळते.

यामागे लाकडाचं साधं विज्ञान आहे. ताज्या तोडलेल्या ओल्या लाकडात सुरी सहज चालते, तेच लाकूड वाळलं की दगडासारखं होतं. लाकूड तंतूंच्या दिशेने मजबूत असतं आणि आडवं पटकन मोडतं. सरळ फळीतून वाकडा चमचा कापला, तर मानेपाशी तंतू तुटतात आणि चमचा नेमका तिथेच मोडतो. म्हणून जुने कारागीर मुळातच वाकलेली फांदी शोधत. झाडाने दिलेला बाक तोच चमच्याचा बाक, म्हणजे तंतू दांड्यापासून तोंडापर्यंत अखंड. डिझाइनचा निम्मा निर्णय सुरी हातात घेण्याआधीच, झाडाकडे बघताना होतो.

दुसरं पुस्तक 'स्पून' नव्हे, 'स्पॉन'. लेखक 'बार्न द स्पून' या नावाने ओळखला जाणारा इंग्रज कारागीर, साल २०१७. मोजायचे, ढवळायचे, वाढायचे, खायचे अशा कितीतरी चमच्यांचे नमुने त्यात आहेत आणि फोटो इतके देखणे की लगेच कुऱ्हाड ऑर्डर करावी. उपशीर्षकात 'नवी लाकूड-संस्कृती' असे शब्द आहेत. माझं घोडं तिथे अडलं. नवी कोणासाठी? बार्नला मात्र एक श्रेय द्यायला हवं. फेरीवाल्याचा परवाना घेऊन त्याने गावोगाव चालत चमचे विकले आहेत. चमच्यावर पोट भरणं म्हणजे काय, हे त्याला माहीत आहे. त्याचं पुस्तक विकत घेणाऱ्या आपल्यासारख्यांना ते माहीत नसतं, आणि त्या देखण्या फोटोंतूनही ते कळत नाही.

तिसरं पुस्तक चमच्यांचं नाहीच. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवणाऱ्या डेव्हिड पाय यांचं १९६८ सालचं 'द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप'. 'हातानं बनवलेलं' या शब्दाला नेमका अर्थच नाही, असं पाय म्हणतात. ते वेगळी फोड करतात: जोखमीची कारागिरी आणि खात्रीची कारागिरी. काम चालू असताना शेवटचा परिणाम प्रत्येक क्षणी बिघडू शकतो, ती जोखमीची. परिणाम आधीच बांधून ठेवलेला असतो, ती खात्रीची. पेनाने लिहिणं पहिल्या प्रकारात, छपाई दुसऱ्या. स्वतः पाय लाकडी ताटल्या कोरायचे, त्यावरच्या समांतर खाचांसाठी त्यांनी स्वतःच एक हाताने चालवायचं यंत्र बनवलं होतं. हात पवित्र आणि यंत्र पापी, असला प्रकार त्यांच्याकडे नाही.

पाय वाचल्यावर मला माझा छंद नीट समजला. माझं पगारी काम खात्रीच्या बाजूला झुकलेलं आहे. गिटमध्ये मागची प्रत असते, टेस्ट असतात, बिघडलं तर रोलबॅक. चमच्याच्या कडेवरचा शेवटचा काप मात्र मागे घेता येत नाही. लोक ज्याला 'मन शांत होणं' म्हणतात ते मला शांत होणं वाटत नाही. ते जोखमीमुळे आलेलं लक्ष असतं, आणि ते दमवतं.

पण इथेच मला पाय अपुरे वाटतात. त्यांची जोखीम वस्तूची आहे. चमचा बिघडला तर चमचा गेला. जोखीम घेणाऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न त्या फोडीत बसत नाही. आपल्याकडे तो टाळता येत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा'त बलुतेदारीचं वर्णन केलं, त्यात सुतार आहे: शेतकऱ्याची अवजारं करायची, दुरुस्त करायची आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. ते काम त्याने निवडलेलं नव्हतं, जन्माने आलेलं होतं. त्याच्या वाकसाचा घाव चुकला तर जोखीम घरातल्या धान्यापर्यंत पोचत असणार. माझा चमचा मोडला तर मी तो कुंडीत टाकतो आणि सोमवारी लॉगिन करतो. कृती तीच, जोखीम वेगळी. पगार सुरक्षित असणाऱ्याच्या हातात जोखीम आली की ती हौस होते.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला वर्कशॉपमध्ये लाकडाचा सांधा करायला लावायचे. बहुतेकांचा 'जॉब' शेवटी वर्कशॉपचे मामाच घासून बसवून द्यायचे, मार्क आम्हाला आणि जर्नलवर सही सरांची. हाताला कमी आणि वहीला जास्त मान, हे आम्ही तिथे कुठलंही लेक्चर न होता शिकलो. म्हणून परदेशी कारागिराचं पुस्तक वाचून आपल्याला लाकडाचं प्रेम सुचतं, आणि कोकणातल्या बाजारात करवंटीच्या डवलीचा भाव आपण त्याच दिवशी पाडून मागतो.

याचा अर्थ छंद सोडा असा नाही. हाताने केल्याशिवाय भाव कळत नाही, हा या छंदाचा मला दिसलेला सगळ्यात मोठा उपयोग. एक बरा चमचा करायला माझी अख्खी संध्याकाळ जाते. त्या हिशोबाने बाजारातली कुठलीही लाकडी पळी मला आता स्वस्तच वाटते, आणि ती स्वस्ताई कुणाच्या तरी वेळेतून कापलेली आहे हेही दिसतं.

तेव्हा सुरुवात करायची असेल तर सुंडक्विस्ट आधी वाचा, बोटं शाबूत राहतील. मग पाय, म्हणजे 'हॅंडमेड'च्या लेबलला भुलणार नाही. बार्न शेवटी, फोटोंसाठी आणि त्याच्या फेरीसाठी. पावसात पडलेली आंब्याची फांदी मिळाली तर उचला, कण्हेरीला हात लावू नका, ती विषारी असते. आणि पुढच्या वेळी डवली घेताना सांगितलेला भाव द्या.