फरारी आणि फकिरा

जॉर्ज रॉय हिल यांच्या ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ (१९६९) या चित्रपटातील दोघे लुटारू विलक्षण लोभस आहेत. पाठलाग करणारे पथक मात्र दूरवरची धूळ आणि ठिपके एवढेच दिसते. दिग्दर्शनाचे हे यश निर्विवाद. परंतु या दोघांच्या मागे ज्याला त्यांची झळ पोचावी असे कोणी नाही. सोबतची एटाही शेवटाआधी निघून जाते. म्हणूनच ते बोलिव्हियापर्यंत पळू शकतात, आणि अखेरीस दृश्य गोठवून दिग्दर्शक त्यांचा मृत्यू आपल्या नजरेआड करतो.

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) कादंबरीतील नायकाला ही मुभा नाही. दुष्काळात तो धान्य लुटतो ते उपाशी मातंग वस्तीसाठी. अण्णा भाऊ सांगली जिल्ह्यातील वाटेगावचे. त्याच जिल्ह्यातील मिरजेहून २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आले. तेव्हा लातूर-नांदेडच्या आपल्या कुटुंबांना ही भूक निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

फकिरा अतिनिर्दोष रंगवला आहे, हे मान्य. बुचचा खट्याळपणा त्याच्यात औषधालाही नाही. तरीही इंग्रज सरकार त्याच्या माणसांना डांबते आणि तो आपण होऊन स्वाधीन होतो, तो प्रसंग वाचताना बोलिव्हियातील गोळीबार मला हलका वाटू लागतो.