पोथीतला चंद्र आणि आकाशातला चंद्र

कोकणात आणि पुण्यामुंबईत टिळक पंचांग मानणारी घरे अजून आहेत. एखाद्या वर्षी त्यांची दिवाळी शेजाऱ्यांच्या दिवाळीच्या महिनाभर आधी येऊन जाते. फराळ तोच, पूजा तीच, मंत्रही तेच. फरक पडतो तो राशिचक्राचा आरंभ आकाशात कुठे धरायचा आणि त्यामुळे अधिक मास कुठे पडायचा, एवढ्याच मुद्द्यावर. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. पण या मतभेदामागे जवळजवळ नऊशे वर्षांचा एक वाद आहे, आणि तो बऱ्याच अंशी मराठी मुलखातच लढला गेला आहे.

धर्मग्रंथ आणि विज्ञान यांचा समन्वय होऊ शकतो का, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा ईश्वर, आत्मा, पुनर्जन्म यांच्याभोवती फिरत राहतो आणि तिथेच विरून जातो. कारण तिथे तपासायला हाती काही नसते. पंचांगाचे तसे नाही. तिथे शास्त्र सांगते की अमुक वेळी चंद्र सूर्यापासून अमुक अंशांवर आहे. हे विधान खरे की खोटे, ते गच्चीवर जाऊन पाहता येते. म्हणून या लेखात मी समन्वयाचा प्रश्न पंचांगाच्या वाटेने तपासणार आहे.

भास्कराचार्यांची वाटणी

भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला तो शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० साली. त्यातल्या गोलाध्यायात पुराणांतल्या भूगोलाची त्यांनी केलेली उलटतपासणी आजही वाचण्यासारखी आहे. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर तिच्यावर फिरणारा सूर्य सर्वांना सदैव का दिसत नाही? मेरू पर्वताआड गेल्यामुळे रात्र होत असेल, तर मध्ये आलेला तो मेरू आपल्याला का दिसत नाही? पृथ्वीला कुणाचा आधार असेल, तर त्या आधाराला कुणाचा? अशी मालिका कुठेतरी थांबवावीच लागते; मग ती पृथ्वीपाशीच का थांबवू नये?

यापुढचा युक्तिवाद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो मोजमापाचा आहे. पुराणे पृथ्वीचा विस्तार पन्नास कोटी योजने सांगतात. भास्कराचार्य म्हणतात, अवंती, म्हणजे उज्जैन, विषुववृत्तापासून पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या हिश्शावर आहे, हे गणिताने कळते. मग ते अंतर मोजा आणि सोळाने गुणा. त्यांच्या हिशेबाने परीघ ४९६७ योजने भरतो. पन्नास कोटी कुठे आणि पाच हजार कुठे!

तेच भास्कराचार्य ग्रहणाशी आले की वेगळे वागतात. चंद्रग्रहण पूर्वेच्या कडेपासून लागते, सूर्यग्रहण पश्चिमेच्या कडेपासून. झाकणारे बिंब दोन्हीकडे सारखे नाही. तेव्हा ग्रहणाचे कारण एकटा राहू असू शकत नाही, असे ते आधी सिद्ध करतात. आणि लगेच पुढे सांगतात की वरदानाच्या बळावर राहू पृथ्वीच्या छायेत शिरून चंद्राला झाकतो आणि चंद्रबिंबात शिरून सूर्याला झाकतो. म्हणून श्रुती, स्मृती, पुराणे यांच्याशी काही विरोध उरत नाही. हा उपाय त्यांचा एकट्याचा नव्हता. सहाव्या शतकात वराहमिहिराने अशीच सोय केली होती. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने तर राहू नाकारणाऱ्या आर्यभटादिकांना धर्मबाह्य बोलल्याबद्दल फटकारले, आणि ग्रहणाचे गणित मात्र छायेवरूनच केले.

आधुनिक विवेकवादी वाचकाला ही कच खाणे वाटते, तर श्रद्धाळू वाचकाला हाच खरा समन्वय वाटतो. मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. राहू छायेत शिरला खरा, पण गणितात त्याला जागा मिळाली नाही. ग्रहण केव्हा लागणार, किती लागणार, केव्हा सुटणार, यांतल्या एकाही अंकाला राहूची गरज नाही. ग्रहणकाळी स्नानदान करायचे ते स्मृतीच्या सांगण्यावरून, आणि ग्रहणाची वेळ ठरवायची ती छायेच्या मापावरून, अशी ही वाटणी आहे. गणितस्कंधात आगम प्रमाण मानायचा तो उपपत्तीसह आला तरच, असा दंडक भास्कराचार्यांनी स्वतःच घालून दिला आहे. मतभेद मिटवायला एक गोष्ट त्यांनी देऊन टाकली. मोजमापाचा अधिकार दिला नाही.

पाथरी, कोपरगाव, पुणे

पुढच्या काळात ही वाटणी सर्वांना पटली नाही. गोदावरीकाठच्या पार्थपूरचे, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे, ज्ञानराज यांनी १५०३ च्या सुमारास सिद्धांतसुंदर हा ग्रंथ रचला. गोल पृथ्वी त्यांना मान्य होती. पण ती स्वतःच्या शक्तीने आकाशात राहते हे भास्कराचार्यांचे म्हणणे त्यांना मान्य नव्हते. शेष, वराह आदींचा पुराणोक्त आधार त्यांना ज्योतिषात परत आणायचा होता. सतराव्या शतकात कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर काशीला राहून ग्रंथरचना करत होते. महाभारतावरच्या भारतभावदीप या टीकेमुळे ते सर्वांना माहीत आहेत. पण सौरपौराणिकमतसमर्थन नावाचा त्यांचा एक छोटा निबंधही आहे. सूर्यसिद्धांताच्या परंपरेतले विश्व आणि पुराणांतले विश्व परस्परांना बाधक नाहीत, हे दाखवण्याचा तो प्रयत्न आहे.

हा वाद छापील पुस्तकांत आला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्याला निमित्त झाले भोपाळजवळच्या सिहोरचे इंग्रज अधिकारी लॅन्सलॉट विल्किन्सन. कोपर्निकसपर्यंत पोचायचे तर हिंदी माणसाने आपल्याच सिद्धांतग्रंथांच्या पायरीवरून चढावे, असे त्यांचे मत होते. त्यांच्या सहवासातले मराठी पंडित सुबाजी बापू यांनी १८३६ च्या सुमारास सिद्धांतशिरोमणिप्रकाश हे पुस्तक मराठीत लिहिले. पुराणमत, सिद्धांतमत आणि कोपर्निकसचे मत अशी तिन्ही मते त्यांनी त्यात वाचकांसमोर शेजारी शेजारी ठेवली. पुण्याच्या यज्ञेश्वर रोडे यांनी अविरोधप्रकाश लिहून प्रतिपादन केले की विरोध मुळात नाहीच. सुबाजींच्या बाजूने त्यालाही उत्तर गेले. दर्पण सुरू होऊन अवघी चार-पाच वर्षे झाली होती, अशा काळात मराठी पंडित या विषयावर एकमेकांशी वाद घालत होते, ही आठवण आपण जपायला हवी.

पाथरी, कोपरगाव आणि पुणे इथल्या या तिन्ही प्रयत्नांत मला एक साम्य दिसते. तिघेही विद्वान होते, तिघांची श्रद्धा प्रामाणिक होती, आणि तिघांच्याही समन्वयातून आकाशाविषयी एकही नवी गोष्ट कळली नाही. पृथ्वी गोल आहे हे आधी दुसऱ्याने मोजून ठरवायचे, आणि मग त्या गोलावर पुराणांतली द्वीपे आणि समुद्र बसवायचे, हा क्रम कधी उलटा झाला नाही.

बाणवृद्धी, रसक्षय

खरा पेच आला तो पंचांगशोधनाच्या वेळी. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये युरोपीय साधनांच्या आधारे ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध केली, आणि शके १७८७, म्हणजे १८६५ पासून, त्यांच्या गणिताचे पंचांग निघू लागले. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. छत्र्यांचे शिष्य बाळ गंगाधर टिळक यांनी नंतर पंचांगशोधनाची बाजू उचलली.

विरोधकांचा एक आक्षेप होता राशिचक्राच्या आरंभाबद्दल. दिवाळी महिनाभर पुढेमागे होते ती त्यामुळे. दुसरा आक्षेप मात्र थेट शास्त्राच्या नावाने होता. तिथी सरासरी साठ घटिकांची. ती वाढली तर पाच घटिकांनी वाढते आणि घटली तर सहा घटिकांनी घटते, म्हणजे ‘बाणवृद्धी, रसक्षय’, हा परंपरेचा नियम. श्राद्ध, एकादशी, प्रदोष यांचे निर्णय या नियमावर बसवलेले. नव्या गणिताने तिथी सातएक घटिकांपर्यंत वाढते आणि दहाएक घटिकांपर्यंत घटते. तेव्हा ही नवी तिथी आकाशात खरी असली तरी धर्माला चालणार नाही, असा तो युक्तिवाद होता.

आता हा नियम आला कुठून? जुन्या सिद्धांतग्रंथांत चंद्राच्या मध्यम गतीला जो मुख्य संस्कार देतात, तो जास्तीत जास्त सुमारे पाच अंशांचा. चंद्राचा खरा फरक पाहिला तर अमावास्येला आणि पौर्णिमेला तो साधारण तेवढाच भरतो, पण अष्टमीच्या सुमारास साडेसात अंशांपर्यंत जातो. जुन्या ज्योतिष्यांनी गणित ताडून पाहिले ते मुख्यतः ग्रहणांवर, आणि ग्रहणे लागतात ती अमावास्या-पौर्णिमेलाच. म्हणून त्यांचे गणित पर्वकाळी चोख उतरले आणि अष्टमीला अडीच अंशांपर्यंत चुकत राहिले. अडीच अंश म्हणजे तिथीच्या हिशेबाने जवळजवळ पाच तास. शके ८५४ मधल्या मुंजालाच्या लघुमानसात चंद्राला आणखी एक संस्कार दिलेला आहे. म्हणजे ही उणीव परंपरेत कुणाच्याच लक्षात आली नव्हती असेही नाही.

तर बाणवृद्धी-रसक्षय ही कुणा ऋषीला झालेली दैवी आज्ञा नव्हे. जुन्या कोष्टकांतून निघालेले ते एक उत्तर आहे. एका काळी कुणीतरी आकाशाकडे पाहून गणित केले. गणिताचे उत्तर निर्णयग्रंथांत गेले, निर्णयग्रंथांचे शास्त्र झाले, आणि शेवटी ते शास्त्र आकाशालाच सांगू लागले की तू चुकतोस. धर्मग्रंथांतली वस्तुस्थितीविषयीची बरीच विधाने अशीच त्या त्या काळचे विज्ञान असतात, असे माझे मत आहे. त्यांचा आजच्या विज्ञानाशी समन्वय करा म्हणणे म्हणजे जुन्या मोजमापाचा नव्या मोजमापाशी समन्वय करा म्हणणे होय. मोजमापांत समन्वय होत नसतो. ती फक्त सुधारता येतात.

नांदगावचे केशव दैवज्ञ

हे सांगायला आपल्याला बाहेरच्या कुणाची साक्ष काढावी लागत नाही. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावी पंधराव्या शतकात केशव दैवज्ञ होऊन गेले. जुन्या ग्रंथांनी आलेले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळत नाहीत, हे त्यांनी स्वतः वेध घेऊन पाहिले आणि नोंदवून ठेवले. पुढेही असे अंतर पडत राहणार, तेव्हा भावी गणकांनी वेध घेऊन नवे ग्रंथ करावेत, असेही त्यांनी लिहून ठेवले. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये ग्रहलाघव रचला तो याच वृत्तीने. एकाच ग्रंथाला चिकटून न राहता, ज्याचा जो ग्रह आकाशाशी जुळला तो त्यांनी त्या ग्रंथातून घेतला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या १८९६ मधल्या इतिहासात हा सारा वृत्तांत मराठी वाचकासाठी लिहून ठेवलेला आहे.

यातली विसंगती पाहा. ज्या ग्रहलाघवाच्या गणिताला चिकटून राहण्यासाठी पुढे छत्रे-टिळकांना विरोध झाला, तो ग्रंथच मुळी ‘जुने जुळत नाही म्हणून नवे करा’ या निश्चयातून जन्मला होता. अनुयायांनी केशव-गणेशांचे उत्तर सांभाळले आणि त्यांची रीत सोडून दिली. व्यंकटेश बापूजी केतकरांनी अर्वाचीन गणित संस्कृत श्लोकांत बसवून ज्योतिर्गणित लिहिले, तेव्हा खरी परंपरा त्यांनी चालवली असे मी म्हणेन.

‘सगळे वेदांत आहे’

आजचा समन्वयवादी नीलकंठांइतके कष्ट घेत नाही. त्याचे सूत्र सोपे असते : शोध कुठलाही असो, तो आमच्याकडे आधीच होता. मेघनाद साहांनी एका वयस्क वकिलाची गोष्ट सांगितली आहे. साहांनी आपल्या आयनीभवनाच्या संशोधनाविषयी मोठ्या उत्साहाने माहिती दिली, तेव्हा यात नवे काय, हे सगळे वेदांत आहे, असे ते गृहस्थ म्हणाले. वेदांत कुठे, असे विचारल्यावर कळले की त्यांनी वेद वाचलेलेच नव्हते. स्वतंत्र भारताच्या पंचांगसुधारणा समितीचे अध्यक्ष पुढे हेच साहा झाले. १९५२ साली नेमलेल्या त्या समितीत पुण्याचे ज. स. करंदीकर आणि नागपूरचे के. ल. दप्तरी हेही होते. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. सरकारी कागदावर ती छापली जाते, आणि घरोघर सण पूर्वीच्याच पंचांगांनी होतात.

समन्वयाचा कोणताही दावा समोर आला की मी दोन प्रश्न विचारतो. पहिला : ग्रंथातल्या ओळीचा हा अर्थ शोध लागण्यापूर्वी कुणी लावला होता का? दुसरा : कोणती गोष्ट दिसून आली तर हा अर्थ चुकला असे तुम्ही मान्य कराल? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो अर्थ ग्रंथातून आलेला नाही, ग्रंथावर लादलेला आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘कोणतीच नाही’ असेल, तर ते विधान जगाविषयी काहीच सांगत नाही. गंमत अशी की पन्नास कोटी योजने म्हणणारे पुराण या दुसऱ्या कसोटीला उतरते. ते स्पष्ट आकडा देते, म्हणून चुकू शकते, आणि भास्कराचार्य त्याला तपासू शकतात. आजचा समन्वय त्याच पुराणाला कधीच चुकू न शकणारे, म्हणजे काहीच न सांगणारे करून ठेवतो. ग्रंथाचा मान यात वाढत नाही.

मग श्रद्धाळू माणसाने काय करावे? आयुष्यभर जिने एकादशी केली, तिला नव्या गणिताने सांगितले की काही एकादश्या भलत्याच दिवशी झाल्या, तर तिचे व्रत वाया गेले का? मला तसे वाटत नाही. व्रत हा संकल्पाचा विषय आहे. उपाशी राहून तिने जे मिळवले ते चंद्राच्या अंशांवर अवलंबून नव्हते. पण उद्याची एकादशी केव्हा, असे तिने विचारले, तर उत्तर आकाशाकडे पाहूनच द्यावे लागेल, कारण शास्त्राने ती आकाशाच्याच खुणेवर बांधली आहे. काय करावे, कशासाठी जगावे, हे ग्रंथ सांगू शकतात. मानायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे, आणि तिथेही विवेकाला रजा देऊ नये. काय आहे आणि किती आहे, हे मोजूनच कळते. या दोहोंमधली सीमारेषा भास्कराचार्यांनी एकदा आखून दाखवली होती. ती पुसून टाकणारा समन्वय मला नको आहे.